लाल चकती आणि आदल्या दिवशीची गाडी

पूर्वतयारी न करता जन्माला आल्याचं दुःख आयुष्यभर बाळगणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचे काका. ते तीन आठवडे आधीच जन्मले होते. बाळंतविडा शिवून झाला नव्हता, सुईण परगावी गेली होती, असं त्यांच्या आई सांगत. त्या एका घाईची भरपाई म्हणून की काय, पुढच्या पन्नास वर्षांत त्यांनी एकही गोष्ट अचानक केली नाही. तुमच्या आजोबांचे ते कॉलेजपासूनचे मित्र, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायची आणि ते मला वहिनी. तुमची आई आणि मामा लहानपणी त्यांना पलीकडचे काका म्हणत. परवा फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात, की मेलबर्नच्या कुठल्याशा बागेत साखळ्यांच्या टोपलीत डिस्क टाकायला शिकता आहात आणि ती सारखी डावीकडे जाते. तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांचीही डावीकडेच जायची.

आम्ही ओहायोत, डब्लिनला, राहायला आलो तेव्हा इथे मक्याची शेतं जास्त आणि घरं कमी होती. मराठी घरं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. पहिल्या हिवाळ्याआधी भाऊजींनी बर्फावर घसरून पडण्याची माहिती गोळा केली आणि ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर पडण्याचा सराव केला. आधी उजव्या कुशीवर, मग डाव्या. त्या हिवाळ्यात आम्ही सगळे एकेकदा आपटलो. ते मात्र एकदाही पडले नाहीत, आणि मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. कारखान्यात त्यांचं काम लोखंड तपासण्याचं. कुठला तुकडा किती भाराला आणि नेमका कुठे तुटेल हे तो तुटण्याआधी सांगायचं, हा त्यांचा पेशा. घरातही त्यांचं तेच चालायचं. मालती, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "ह्यांना चहाच्या कपाला तडा जायच्या आधी दिसतो. गेल्यावर मात्र तोच कप वापरत बसतात."

त्यांची सगळ्यांत नावाजलेली सवय म्हणजे आदल्या दिवशीची फेरी. कुणाकडे जेवायला जायचं असलं, की आदल्या दिवशी त्याच वेळी गाडी घेऊन ते रस्ता पाहून येत. किती मिनिटं लागतात, वळण कुठे आहे, गाडी कुठे लावता येईल, सगळं. रविवारी आमच्याकडे गणपतीचं जेवण असलं, की शनिवारी संध्याकाळी त्यांची तपकिरी गाडी आमच्या घरासमोरून गोगलगाईच्या वेगाने जायची. आमच्याकडे! दोन वळणांच्या अंतरावर! एकदा मी दारात उभी राहून हात केला. त्यांनी मान ताठ ठेवून समोर पाहिलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी वरणभात कालवताना मी विचारलं तर म्हणाले, "असेल कुणीतरी. त्या रंगाच्या गाड्या फार झाल्या आहेत हल्ली." त्यानंतर मी हात करणं सोडलं. गाडी दिसली की फक्त एवढं समजायचं: उद्या भाऊजी येणार. आमच्यातल्या सगळ्या घरांना हे ठाऊक होतं. मुलांनासुद्धा.

अशा माणसाची मुलगी एक दिवस काही न सांगता इंजिनिअरिंग सोडून घरी आली. केतकी तिचं नाव. तिसऱ्या वर्षाला होती, मार्क चांगले होते. तिने शेजारच्या कोलंबस शहराच्या बागांच्या खात्यात नोकरी धरली. झाडं लावायची, वाळलेल्या फांद्या उतरवायच्या, तळी साफ करायची. भाऊजींनी तिच्यासाठी पुढच्या दहा वर्षांची आखणी करून ठेवली होती, तिच्यात हे कुठेच नव्हतं. ते ओरडले नाहीत. ओरडायचीही त्यांची तयारी नव्हती. जेवणाच्या टेबलावर ते एवढंच म्हणाले, "माळीच व्हायचं होतं तर आम्ही इतक्या लांब कशाला आलो?" केतकीने ताट विसळून ठेवलं, बॅग भरली आणि ती शहरात, अर्ध्या तासावर, एका खोलीत राहायला गेली. पुढे वर्षभर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. केतकीचा फोन आला की मालती बोलायची, आणि भाऊजी शेजारी उभे राहून भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारायचे, "थंडीचे बूट घेतले का?" मालती फोनमध्ये म्हणायची, "बूट घेतलेस का?" आणि कॅलेंडरला सांगायची, "घेतले."

मी तेव्हा गावच्या लायब्ररीत नोकरीला होते. एप्रिलमधल्या एका दुपारी भाऊजी टाय लावून माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, चकती फेकण्याच्या शास्त्रावर काही मिळेल का?" वाचकाला पुस्तक कशासाठी हवं हे विचारायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी तो पाळला आणि चार दिवसांनी दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून एक पातळशी पुस्तिका मागवून दिली. खेळ त्या मानाने नवा होता. बागेत खांबांवर लोखंडी टोपल्या, त्यांच्यावर साखळ्या, आणि दुरून चकती, म्हणजेच डिस्क, फेकत फेकत कमीत कमी फेकींत त्या टोपलीत टाकायची. भाऊजींना हे कशासाठी हवं होतं ते मला मालतीकडून कळलं. केतकीने तिला पत्रात लिहिलं होतं, की रविवारी सकाळी ती कामावरच्या लोकांबरोबर हा खेळ खेळते आणि त्या दोन तासांत तिला फार बरं वाटतं. ते पत्र मालतीच्या शिवणाच्या डब्यात होतं. "डबा नीट लावून ठेवलाय ह्यांनी," मालती म्हणाली. "दोरे रंगांप्रमाणे. म्हणजे वाचलंय."

बेत असा होता: खेळ शिकायचा, चांगला शिकायचा, आणि मग एखाद्या रविवारी त्या बागेत जाऊन उभं राहायचं. माफी मागणं, समजूत घालणं, यांची पुस्तिका मिळत नव्हती. फेकण्याची मिळत होती.

पहिली अडचण आली चकत्या निवडताना. दुकानात तीन तऱ्हेच्या होत्या. लांब जाणारी, धारदार कडेची, मधल्या अंतराची, आणि टोपलीजवळून टाकायची, बोथट कडेची, जाडसर. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, की नवशिक्याने हलकी आणि बोथट घ्यावी, कारण धारदार चकतीला वेग लागतो. वेग कमी पडला की ती लगेच डावीकडे कोसळते. भाऊजींनी हे वाचलं, त्याखाली रेघ मारली आणि दुकानातली सगळ्यांत जड, सगळ्यांत धारदार लाल चकती घेतली. "शिकायचं तर मोठ्या माणसांच्या साधनावर," ते म्हणाले. मालती म्हणाली, "पोराला पहिलीत घालताना बीएस्सीचं पुस्तक घेतलंय." चकतीच्या पाठीवर एकशे पंचाहत्तर ग्रॅम लिहिलं होतं. भाऊजींनी ती कारखान्यातल्या काट्यावर ठेवली, तर दोन ग्रॅम कमी भरली. ते दुकानात जाऊन तसं सांगून आले. बदलून नको म्हणाले, फक्त त्यांना कळावं म्हणून.

मग रविवार सकाळी शाळेच्या मागच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. मालतीला बारीक अक्षर वाचायचा कंटाळा, तुमचे आजोबा झोपलेले, म्हणून वाचनाचं काम माझ्याकडे आलं. मी घडीच्या खुर्चीवर बसून वाक्य वाचायची, भाऊजी ते हातापायांनी करायचे. चार बोटं कडेच्या आत, अंगठा वर. उजवा खांदा लक्ष्याकडे. हात मागे न्या, छातीजवळून सरळ रेषेत ओढा, आधी कंबर वळू द्या, मग खांदा, मग हात, शेवटी मनगट. प्रत्येक पायरीला ते थांबायचे, पुढचं वाक्य यायची वाट पाहायचे आणि तोवर त्याच स्थितीत राहायचे. एका सकाळी मी चष्मा पुसत बसले आणि ते बिचारे कंबर वळवून, हात मागे नेऊन, पुतळ्यासारखे उभे. पलीकडून कुत्र्याला फिरवणाऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं, "ते ठीक आहेत ना?"

चकती हातातून सुटायची, नाक, म्हणजे पुढची कड, वर करून चढायची, क्षणभर हवेत थांबायची आणि अगदी ठरल्यासारखी डावीकडे, शाळेच्या टोमॅटोच्या वाफ्यात. परत आणताना तिला चुकून पाय लागला तर भाऊजी वाकून तिला नमस्कार करायचे. पुस्तिकेप्रमाणे चकतीची बाहेरची कड खाली झुकवून पाहिली, नाक दाबून पाहिलं. जोर वाढवला, तेव्हा ती आणखी लवकर डावीकडे गेली. जूनपर्यंत त्यांनी प्रत्येक फेकीचा आलेख काढला होता. तो भिंतीवर लावला, तर एखाद्या नदीने सारखी एकाच बाजूला वळणं घ्यावीत तसा दिसायचा. "अजून तयारी नाही," दर रविवारी पुस्तिका मिटताना ते म्हणायचे. मी म्हणायची, "पुढच्या आठवड्यात बघू." मला वाटायचं, मी मदत करते आहे.

जुलैतल्या एका रविवारी मालती चहाचा थर्मास घेऊन आली. आमच्या मुलांच्या खेळण्यातली एक जुनी, हलकी, कडा झिजलेली चकती मी बरोबर ठेवली होती, खुर्चीवर बसताना खाली घ्यायला. मालतीने ती उचलली, साडीचा पदर खोचला आणि पोळपाटावरून लाटलेला पापड उन्हात टाकावा तशी हवेत टाकली. चकती सरळ गेली. नुसती सरळ नाही, शांतपणे गेली आणि लांबवर अलगद उतरली. भाऊजींनी दोन दिवस आलेखाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "काय केलंस नेमकं?"

"काही नाही. सोडली."

"कुठल्या क्षणी?"

"अहो, सोडायच्या क्षणी."

त्यांनी हलकी चकती घेतली. थोडा फरक पडला. पण लाल सोडवेना.

सप्टेंबरमध्ये त्यांनी अर्धा दिवस रजा काढून केतकी खेळायची ती खरी बाग पाहायचं ठरवलं. कामाच्या दिवशी, दुपारी, म्हणजे केतकी कुठल्यातरी दुसऱ्या बागेत कामावर असणार. खेळणारे लोक चकतीवर आपलं नाव आणि फोन लिहितात. हरवली तर सापडणारा परत करतो. आता नाव लिहायला तर हवं, ते पुस्तिकेत होतं. पण चकती केतकीच्या ओळखीच्या कुणाला सापडली आणि त्याने तिला सांगितलं तर सगळं आधीच फुटणार. भाऊजींनी दोन संध्याकाळी विचार केला आणि काळ्या शाईने आपलं संपूर्ण नाव आणि फोन नंबर देवनागरीत लिहिला. आकडेसुद्धा मराठीत. "आता कुणाला काही कळायचं नाही," ते मला म्हणाले. मलाही ते पटलं. इतका विचार करणारी आम्ही दोन माणसं, पण आमच्या डोक्यात आलं नाही, की बागांच्या त्या खात्यात मराठी वाचू शकणारी एकच व्यक्ती कामाला होती, आणि तिला ती अक्षरं आमच्याच तळघरात दर रविवारी पट्टी घेऊन याच माणसाने शिकवली होती.

पहिल्याच टोपलीला तळं डाव्या बाजूला होतं. लाल चकती कुठे गेली हे तुम्हाला सांगायला नको.

ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी दुपारी केतकी लायब्ररीत आली. चिखलाचे बूट, अंगात खात्याचं हिरवं जाकीट, हात खरबरीत झालेले. वर्षभरात मी तिला पाहिलं नव्हतं. तिने पिशवीतून लाल चकती काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मावशी, तळं क्लीन करताना मिळाली. सगळे म्हणत होते, बघा, काहीतरी अ‍ॅन्शंट लिहिलंय." ती हसली नाही. "हे बाबांचं ळ आहे. पोटात गाठ मारलेलं. ते माझ्या पार्कमध्ये काय करत होते?"

मी तिला सगळं सांगितलं. पुस्तिका, आलेख, टोमॅटो. ती ऐकत चकती फिरवत राहिली.

"व्हॉट अबाउट द कार?"

"कुठली गाडी?"

"ब्राऊन गाडी. दर शनिवारी चार वाजता माझ्या बिल्डिंगसमोरून जाते. एकदम स्लो. एप्रिलपासून." ती खिडकीकडे पाहत बोलत होती. "मावशी, शनिवारी गाडी गेली म्हणजे संडेला बाबा येणार, बरोबर? म्हणून मी संडेला घरी थांबते. गेम कॅन्सल करते. पोहे भिजवते. पहिल्यांदा जास्त भिजवले होते, आईपण येईल म्हणून. आता थोडेच भिजवते."

मी हिशेबी बाई आहे, मला लगेच सगळं जुळलं, आणि जुळलं नसतं तर बरं झालं असतं. भाऊजी दर शनिवारी उद्याचा रस्ता पाहून येत होते, आणि दर रविवारी सकाळी चकती डावीकडे गेली की त्या दिवसाचा बेत पुढे ढकलत होते. ज्या खेळात तिला गाठायचं म्हणून ते मैदानावर राबत होते, तो खेळ ती सोडून बसली होती, त्यांची वाट पाहायला. आणि त्या सगळ्या रविवारी मी खुर्चीवर बसून, स्पष्ट उच्चारात, त्यांना पुढचं वाक्य वाचून दाखवत होते.

जाताना केतकी म्हणाली, "मला कळलंय असं सांगू नका हं. कुणीतरी आणून दिली म्हणा."

मी आयुष्यात वाचकांची गुपितं फार पाळली. हे पाळलं नाही. संध्याकाळी जाऊन चकती भाऊजींच्या हातात दिली आणि म्हटलं, "केतकीला सापडली. तिने वाचली."

त्यांनी चकतीवरचा वाळलेला चिखल अंगठ्याने पुसला. मग म्हणाले, "तिला अजून वाचता येतं?"

"येतं. आणि उद्याच्या फेरीला जाऊ नका, भाऊजी. एकदम परवाच जा. दर रविवारी ती पोहे भिजवून तुमची वाट पाहते. एप्रिलपासून."

ते खुर्चीवर बसले. भार वाढत गेला की लोखंड आधी काही दाखवत नाही, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. "पण वहिनी," ते म्हणाले, "माझी चकती अजून डावीकडे जाते."

मालती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "जाऊ दे," ती म्हणाली.

तो शनिवार त्यांनी कसा काढला हे मालतीने नंतर सांगितलं. चार वाजता त्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली, परत खुंटीला लावली, परत घेतली, आणि शेवटी अंगणात जाऊन गाडी धुतली. रविवारी सकाळी दोघं निघाली. पंचवीसएक शनिवारांची वाट पायाखालची. एकही वळण चुकलं नाही. केतकीची बिल्डिंग आली. ती पायऱ्यांवर उभी होती. भाऊजींनी मान ताठ ठेवली, समोर पाहिलं, आणि गाडी नेहमीच्या वेगाने तिच्यासमोरून पुढे नेली. मालतीने कोपऱ्यापर्यंत जाऊ दिलं. मग म्हणाली, "अहो, आज थांबायचं आहे."

ते वळून परत आले. पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मालती म्हणते, फारसं झालंच नाही. पोहे खाल्ले, आणि भाऊजींनी केतकीच्या हातांकडे पाहून विचारलं, "हातमोजे देत नाहीत का तुम्हाला?" या वेळी कॅलेंडरला नाही, तिलाच. दुपारी तिघं बागेत गेली. लाल चकती पहिल्याच फेकीला तळ्याच्या काठावर पडली आणि केतकी म्हणाली, "बाबा, ही तुमची डिस्कच नाहीये. किती हेवी आहे," आणि आपली जुनी, झिजलेली, निळी त्यांच्या हातात दिली. झिजलेल्या चकतीचा हट्ट कमी होतो, हे पुस्तिकेत होतं. मी त्यांना ते तीनदा वाचून दाखवलं होतं.

त्यानंतर इतकी वर्षं बापलेक रविवारी खेळत राहिले. भाऊजींची फेक कधी चांगली झाली नाही. ते थकले, तेव्हा चालायला मिळतं म्हणून खेळायचे, नंतर बाकावर बसून नुसते सांगायचे, "आधी कंबर, मग खांदा." दोन वर्षांपूर्वी ते गेले. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी केतकीला तो रस्ता दाखवून ठेवला होता.

त्या वर्षी आम्ही गणपतीचं जेवण रविवारी ठेवलं. कुणाला बोलवावं, कसं बोलवावं, मला सुचत नव्हतं. मालतीला तेवढं सांगितलं आणि केतकीवर सोडलं. शनिवारी संध्याकाळी मी पुढच्या खिडकीत दूर्वा निवडत बसले होते, तर एक हिरवी गाडी घरासमोरून गोगलगाईच्या वेगाने गेली. आमचं घर केतकीला डोळे मिटून सापडलं असतं. मी दारात जाऊन हात केला. तिने मान ताठ ठेवली, समोर पाहिलं, आणि हळूहळू वळणापलीकडे निघून गेली.

मी आत आले आणि एका माणसाचे तांदूळ जास्त काढून ठेवले.